हळद, प्लॅटिनम आणि किडनी

गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवर शेक देताना त्याच्या जोडीला बऱ्याचदा सिसप्लाटिन नावाचं इंजेक्शन सलाइनमधून देतात. औषध गुणाचं, पण किडनीला जड. म्हणून घरोघरी प्रश्न येतो : हळदीचा, पुनर्नव्याचा काढा दिला तर किडनी वाचेल का? आज आपण या औषधाची गोष्टच पाहू.

१९६५ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते. जिवाणू नुसते लांबत गेले, दुभंगेनात. ही करामत विजेची नव्हती, तारेतून पाण्यात उतरलेल्या प्लॅटिनमची होती. त्यातून सिसप्लाटिन हाती आलं. पण पहिल्या रुग्णांच्या किडन्या बिघडू लागल्या आणि औषध बाजूला पडायची वेळ आली. मग डॉक्टरांनी इंजेक्शनच्या आधी आणि नंतर भरपूर सलाइन द्यायला सुरुवात केली. त्रास कमी झाला आणि १९७८ साली अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. म्हणजे किडनीचा पहिला राखणदार ठरलं मिठाचं पाणी!

वनस्पतींकडे संशोधक वळले, त्यालाही कारण आहे. सिसप्लाटिन किडनीच्या बारीक नळ्यांमधल्या पेशींत साठतं, तिथे दाह होतो. हळदीतलं कर्क्युमिन हा दाह शमवू शकतं. उंदरांवरच्या प्रयोगांत किडनीचं नुकसान कमी झालेलं दिसलं. माणसांत मात्र तसा पक्का पुरावा अजून नाही. कर्क्युमिन पोटातून रक्तात फार थोडं उतरतं. शिवाय किडनीला वाचवणारा पदार्थ कॅन्सरच्या गाठीलाही वाचवणार नाही ना, ही शंका उरतेच.

आणि झाडपाला म्हणजे निर्धोक, असंही नाही. १९९३ साली बेल्जियममधल्या ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी एक प्रकार जगापुढे आणला. वजन उतरवण्याच्या गोळ्या घेणाऱ्या तरुण बायकांच्या किडन्या निकामी होत होत्या. गोळ्यांत एका चिनी मुळीच्या जागी ॲरिस्टोलोकिया ही दुसरीच मुळी पडली होती. पुढे अशा रुग्णांची संख्या शंभरावर गेली.

तेव्हा आमटीतली हळद खुशाल खा. पण काढा, चूर्ण, हळदीच्या कॅप्सूल घेत असाल, तर पुडी-बाटलीसकट डॉक्टरांना दाखवा. गुडघ्यासाठी घेतलेली दुखण्याची गोळीही लपवू नका, तीही किडनीवर भार टाकते. सलाइनला वेळ लागतो म्हणून घाई करू नका, आणि लघवी कमी झाली तर त्याच दिवशी सांगा.