पवनी ते नागपूर : उपचार शाळेच्या वर्गात कसे आले?

पवनी म्हटले की इतिहासाच्या अभ्यासकाला जगन्नाथ टेकडी आठवते. वैनगंगेकाठच्या या गावी १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले आणि एक प्राचीन स्तूप उजेडात आला. त्यावर आपण पुन्हा केव्हा तरी बोलू. आजचा धागाही पवनीतूनच निघतो, पण त्याचा काळ अलीकडचा आहे आणि विषय सहसा इतिहासाच्या पुस्तकात न येणारा.

कल्पना करा : पवनी तालुक्यातले सात वर्षांचे मूल. सेरेब्रल पाल्सीमुळे त्याचे पाय ताठरलेले, हाताची पकड कच्ची, उच्चार अस्पष्ट. बुद्धी मात्र तल्लख. त्याला फिजिओथेरपी हवी, व्यवसायोपचार हवेत, वाचोपचार हवेत आणि शाळाही हवी. मोठ्या उपचारांसाठी वाट नागपूरची, म्हणजे सुमारे ऐंशी किलोमीटर. प्रत्येक फेरीत आईचा रोज बुडतो आणि मुलाची शाळाही. उपचार घ्यावेत तर शिक्षण सुटते, शिक्षण धरावे तर शरीर मागे पडते. हा पेच नवा नाही. तो सोडवण्याचा पहिला गंभीर प्रयत्न महाराष्ट्रात झाला, तोही बहुतांशी डॉक्टरांनी नव्हे, तर पालकांनी केला.

१९४४ साली मुंबईत जय आणि होरमसजी वकील या दांपत्याने बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी वर्ग सुरू केले. कारण घरातलेच होते : त्यांच्या मुलीला डाउन सिंड्रोम होता आणि तिला घेईल अशी शाळा नव्हती. त्याच दशकात फातेमा इस्माईल यांच्या लहानग्या मुलीला पोलिओ झाला. स्वातंत्र्यचळवळीतल्या या बाई मुलीला घेऊन मद्रासला डॉ. किणी यांच्याकडे गेल्या. मुलीच्या प्रकृतीत सुधारणा दिसली, तेव्हा त्यांना पडलेला प्रश्न साधा होता : ज्यांना मद्रास गाठता येत नाही, त्या मुलांचे काय? १९४७ साली, देश स्वतंत्र होण्याच्या उंबरठ्यावर, चौपाटीच्या परिसरात डॉ. बाळिगा यांच्या साहाय्याने त्यांनी पोलिओग्रस्त मुलांसाठी दवाखाना उघडला. त्यातून पुढे हाजी अलीचे मुलांचे रुग्णालय उभे राहिले. संस्थेच्या नावात ‘क्रिपल्ड’ हा शब्द होता. आज तो कानाला बोचतो, पण त्या काळी तो कार्यकर्तेही सहज वापरत. जुने कागद वाचताना हे भान ठेवावे लागते.

आता या कथेतले माझे सर्वांत आवडते पात्र. न्यू जर्सीत १९०० साली जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी विष्णु निंबकर यांच्याशी विवाह करून १९३० साली भारतात आल्या आणि कमला निंबकर झाल्या. (कादंबरीकार जाई निंबकर या त्यांच्या सूनबाई, म्हणजे इरावती कर्वे यांच्या कन्या. महाराष्ट्राचा इतिहास असा घराघरांतून विणलेला असतो.) पुढे त्यांनी अमेरिकेत व्यवसायोपचाराचे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचे, शिक्षण घेतले आणि १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या शास्त्राचे देशातील पहिले विद्यालय सुरू केले. १९५२ साली व्यवसायोपचारकांचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा संस्थापक दहा देशांत भारत होता. आणि १९५८ साली विदर्भासाठी मोलाची गोष्ट घडली : नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात असेच दुसरे विद्यालय उघडले.

‘व्यवसाय’ या शब्दाने येथे फसू नका. त्याचा अर्थ नोकरीधंदा नव्हे. माणूस दिवसभर जे जे करतो, ते सारे व्यवसाय : बटण लावणे, घास तोंडापर्यंत नेणे, पाटीवर रेघ ओढणे. मुलाचा मुख्य व्यवसाय खेळणे आणि शिकणे. म्हणजे या शास्त्राच्या व्याख्येतच शाळा दडलेली होती. जवळच्याच वर्ध्यात १९३७ साली गांधीजींच्या शिक्षणपरिषदेने हातांच्या कामातून शिकण्याचा विचार मांडला होता; दोन्ही विचारांचे मूळ वेगळे, पण विदर्भाच्या मातीला ही भाषा अगदीच परकी नव्हती, असे मला वाटते.

तरीही १९६० च्या दशकापर्यंत व्यवस्था दुभंगलेलीच राहिली. उपचार रुग्णालयात, शिक्षण शाळेत. युरोपात ही भिंत पडू लागली होती. बुडापेस्टमध्ये आंद्राश पेटो यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर अशी पद्धत उभी केली, की मुलाला चालायला शिकवणारी आणि अक्षरे गिरवायला लावणारी व्यक्ती एकच असे. लंडनमध्ये बर्टा आणि कारेल बोबाथ हे दांपत्य सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या हालचालींवर नव्याने काम करीत होते.

ही भिंत भारतात कोणी पाडली? पुन्हा एक आई. मिठू अलूर यांची मुलगी मालिनी १९६६ साली सेरेब्रल पाल्सी घेऊन जन्मली. भारतात निराशाच पदरी पडली, म्हणून कुटुंब इंग्लंडला गेले आणि तिथे मुलीला उपचार व शिक्षण एकत्र मिळाले. परतल्यावर मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन केली. फिजिओथेरपिस्ट, व्यवसायोपचारक, वाचोपचारक, मानसतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक एकाच छपराखाली, एकाच मुलाविषयी एकमेकांशी बोलणारे, हे तिचे वैशिष्ट्य. अभिनेत्री नर्गिस या कामाच्या आरंभीच्या आधारांपैकी होत्या. मालिनी चिब पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकल्या, लंडनमध्ये पदव्युत्तर झाल्या आणि आपले आत्मकथन त्यांनी एका बोटाने टंकलिखित केले.

एकात्मिक उपचार म्हणजे प्रत्यक्षात काय, हे एका उदाहरणातून पाहू. जुन्या पद्धतीत मुलाला वर्गातून उठवून वेगळ्या खोलीत नेत, अर्धा तास व्यायाम करून परत आणत. एकात्मिक पद्धतीत उपचारक वर्गात येतो. मुलाचे पाय अधांतरी लोंबकळत असतील तर खुर्चीखाली पाट ठेवला जातो. पाय टेकले की धड स्थिर होते, धड स्थिर झाले की हात लिहायला मोकळा होतो. डब्याच्या सुट्टीत चमच्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळून पकड जाड केली जाते. हजेरीच्या वेळी ‘उपस्थित’ म्हणणे हाच वाचोपचार. शिक्षिकेला आणि आईला कारण समजले, की उपचार रोज होतात, उपचारक रोज आला नाही तरी.

यात महागडे यंत्र कोणते? एकही नाही. महाग आहे ते प्रशिक्षित माणूस. म्हणून १९५८ चे नागपूरचे विद्यालय महत्त्वाचे. नागपुरातच कमलाताई होस्पेट यांच्या मातृसेवा संघानेही, १९२१ सालच्या प्रसूतिसेवेपासून निघून, पुढे ‘नंदनवन’ ही बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची शाळा चालवली. पण शहरात घडलेली माणसे बहुतेक शहरांतच राहिली.

कायदे मागाहून आले. १९७४ ची केंद्राची एकात्म शिक्षण योजना, १९९५ चा अपंग व्यक्ती अधिनियम, आणि आता २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम. या शेवटच्या कायद्याने अक्षमतेचे प्रकार एकवीस केले, सहा ते अठरा वर्षांच्या पात्र मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आणि दर पाच वर्षांनी शाळकरी दिव्यांग मुलांची पाहणी करण्याचे बंधन घातले. पाहणीत मूल सापडले, की त्याला कोणते साहाय्य हवे, याची नोंद व्हायला हवी. पवनीतल्या त्या सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ती नोंद अगदी थोडक्यात लिहिता येईल : खुर्चीखाली पाट, जाड दांड्याचा चमचा, बोलायला थोडा जास्त वेळ, आणि आठवड्यातून एकदा शाळेत येणारा उपचारक.