गाडी बंद पडली, हरीण वाचलं

आजचा भाग शिकारीच्या इतिहासावर आहे. पण बंदुका, वाघ, राजेसाहेबांच्या मिशा हे सगळं आज बाजूला ठेवू. आज आपण बघणार आहोत शिकारीची गाडी. आणि खरं सांगायचं तर, ती गाडी बंद पडायची तेव्हा काय व्हायचं ते.

आपल्याकडची गाडी ट्रिपमध्ये बंद पडली की आपला मूड जातो. शंभर वर्षांपूर्वी हरणाच्या शिकारीला निघालेल्यांची गाडी बंद पडली की एखाद्या हरणाचा जीव वाचायचा. पुढे गाडी बंद पडायची थांबली, आणि मग काय झालं, ही आजची गोष्ट.

आधी एक छोटी गोष्ट क्लिअर करू. मराठीत आपण सरसकट 'हरीण' म्हणतो. चितळ आणि सांबर यांची शिंगं दर वर्षी गळतात आणि नवीन येतात. काळविटाची पिळाची शिंगं मात्र आयुष्यभर राहतात, म्हणजे प्राणिशास्त्राच्या हिशेबात त्याचं कुळ वेगळं. आजची गोष्ट मुख्यतः काळविटाची, कारण तो मोकळ्या माळरानावर राहतो. आणि जिथे माळ मोकळा, तिथे चाक जातं.

सुरुवात बैलगाडीपासून. मुघलांच्या काळापासून आपल्याकडे पाळीव चित्ता सोडून काळवीट मारायची पद्धत होती. १८६० च्या दशकात लुई रूसले नावाचा फ्रेंच प्रवासी बडोद्याला खंडेराव गायकवाडांचा पाहुणा होता, त्यानेही या शिकारीचं वर्णन लिहून ठेवलंय. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता बैलगाडीवर बसवायचा आणि गाडी कळपाच्या दिशेने न्यायची. सरळ नाही हं, वळसे घेत घेत. काळविटांना शेतकऱ्यांच्या बैलगाड्यांची सवय असायची. चाकांची कुरकुर, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज हे त्यांच्या रोजच्या जगण्यातलं. त्यामुळे माणूस पायी आला तर पळणारा कळप बैलगाडीला बराच जवळ येऊ द्यायचा. मग टोपी काढायची आणि चित्ता सोडायचा.

पण यात हरणाला खरोखरची संधी होती. चित्ता जगातला सगळ्यात वेगवान धावणारा प्राणी असला तरी त्याचा दम काही शे मीटरचा. तेवढ्यात काळवीट सापडला तर सापडला, नाहीतर चित्ता सरळ खाली बसतो. मग चित्तेवान त्याच्यासमोर पळीतून रक्त धरणार, त्याला शांत करणार, परत टोपी घालणार. आणि मध्येच चाकाची धाव निसटली किंवा कणा मोडला, तर त्या दिवसाची शिकार तिथेच संपली.

आपल्या कोल्हापूर संस्थानातही चित्त्यांच्या शिकारीची मोठी परंपरा होती. तिथे घोड्यांच्या उघड्या गाड्या वापरायचे. विसाव्या शतकात देशी चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरने आफ्रिकेतून चित्ते मागवले. म्हणजे बघा, शिकारीचं साधन आधी संपत आलं होतं आणि शिकार अजून चालू होती.

आता येते मोटार. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी मुंबईत मोटारी दिसायला लागल्या आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्या संस्थानिक, साहेब आणि श्रीमंत वकील-व्यापाऱ्यांपर्यंत पोचल्या. त्यातली जगभर गाजलेली गाडी म्हणजे फोर्ड मॉडेल टी. मी इंजिनियर आहे, त्यामुळे इथे थोडा वेळ रेंगाळणार. सांभाळून घ्या.

समजा १९२० च्या सुमाराला तुम्ही दख्खनच्या एखाद्या माळावर मॉडेल टी घेऊन हरणाच्या शिकारीला निघालात. पहाटे गाडी सुरू करायची, तर पुढे उभं राहून हँडल मारायचं. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडू शकायचं, आणि अशी मनगटं खरंच मोडायची. पेट्रोल पंप प्रत्येक नाक्यावर नव्हते, म्हणून पेट्रोलचे डबे बरोबर घ्यायचे. आणि माळावर बाभळी! बाभळीचा काटा त्या काळच्या टायरमधून आरामात आत जायचा. मग चाक काढा, ट्यूब बाहेर घ्या, पॅच मारा, हातपंपाने हवा भरा. उन्हं वर आली की रेडिएटरमधलं पाणी उकळायचं, मग जवळपास विहीर शोधा.

याहून भारी म्हणजे पेट्रोलचा प्रश्न. मॉडेल टीच्या बहुतेक गाड्यांमध्ये टाकी पुढच्या सीटखाली होती आणि पेट्रोल पंप नव्हताच. पेट्रोल उताराने आपोआप इंजिनाकडे जायचं. त्यामुळे टाकीत पेट्रोल कमी असताना मोठा चढ लागला की इंजिन उपाशी! यावर लोकांनी काढलेला उपाय म्हणजे गाडी उलटी फिरवायची आणि रिव्हर्समध्ये चढ चढायचा.

आणि दिवे? सुरुवातीला गॅसचे होते. पुढे मॉडेल टीला विजेचे दिवे आले तेव्हा ते थेट इंजिनाच्या मॅग्नेटोवर चालायचे. इंजिन हळू फिरलं की दिवे मंद. म्हणजे रात्री हरणावर उजेड टाकायचा असेल तर इंजिन जोरात फिरवायला हवं, आणि इंजिन जोरात फिरवलं की त्या आवाजाने हरीण पसार. आमच्या भाषेत सांगायचं तर गाडीसाठी हा बग होता. हरणासाठी फीचर.

त्यात पाऊस झाला असेल तर विषयच संपला. काळ्या मातीत चाकं रुतली की साहेब खाली उतरणार, माणूस गावात पळणार, आणि शेवटी गाडी बाहेर कोण काढणार? बैल! आणि समजा शिकार झाली आणि परतताना एप्रिलच्या उन्हात गाडी बंद पडली, तर मांस काही तासांत खराब. म्हणून शहाणा शिकारी गाडी रस्त्यावरच ठेवायचा आणि पुढे पायी जायचा. पायी गेला की तो किती लांब जाणार, किती आणणार, याला आपोआप मर्यादा यायची.

अर्थात, पैसा असेल तर पळवाटा असतात. कोट्याच्या महाराजांनी १९२५ मध्ये शिकारीसाठी खास रोल्स रॉइस बनवून घेतली होती. तिच्यावर सर्चलाइट होते आणि मोठ्या बंदुकाही बसवलेल्या होत्या. पण अशा गाड्या देशात किती? जंगलाला त्या एका गाडीने फार फरक पडला नसता. फरक पडला तो दुसऱ्या महायुद्धानंतर.

हळूहळू बॅटऱ्या सुधारल्या, हेडलाइट्स प्रखर झाले. इंजिन हळू चालू असो की बंद, उजेड तोच. हरणाच्या डोळ्यात मागच्या बाजूला एक चमकदार पडदा असतो. अंधारात थोडाही उजेड पुरावा म्हणून निसर्गाने दिलेली ती सोय आहे. त्याच डोळ्यावर हेडलाइट पडला की हरीण दिपून जागच्या जागी थबकतं आणि त्याचे डोळे लांबून चमकतात. अंधारात जगण्यासाठीची सोयच त्याच्या जिवावर उठली.

याच हेडलाइटचं सगळ्यात वाईट उदाहरण हरणाचं नाही, चित्त्याचं आहे. १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानात महाराजा रामानुज प्रताप सिंह देव यांनी रात्री गाडीच्या उजेडात तीन चित्ते मारल्याची नोंद आहे. तिन्ही नर. भारतातल्या रानटी चित्त्यांची ही शेवटची पक्की नोंद मानली जाते. ही हकीकत मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आली, पण संपादकांनी खाली अतिशय कडक शब्दांत निषेधही छापला. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. ज्या प्राण्याला गाडीवर बसवून शतकानुशतकं हरणं मारली, त्याचा शेवट गाडीच्याच उजेडात झाला.

आणि मग आली जीप. युद्धात अमेरिकेने सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या होत्या. युद्ध संपल्यावर उरलेल्या जीप भारतात विकल्या गेल्या आणि पुढे मुंबईत महिंद्रांनी विलीज जीपची जोडणी सुरू केली. चारही चाकांना ताकद, काळ्या मातीतून बाहेर यायला खालचा गिअर, दणकट टायर, सेल्फ स्टार्टर. मॉडेल टीमध्ये जे जे बिघडायचं, ते ते जीपमध्ये सुधारलेलं होतं. काळवीट ताशी साधारण ८० किलोमीटरने पळतो. जीप चांगल्या जमिनीवर १०० पर्यंत जायची, आणि काळविटाला दम लागतो तसा तिला लागत नव्हता.

जीप हे उत्तम इंजिनियरिंग होतं, यात वाद नाही. तिने गावोगावी डॉक्टर नेले, इंजिनियर नेले, निवडणुकीच्या पेट्या नेल्या. पण तीच जीप, एक स्पॉटलाइट आणि पिकांच्या रक्षणासाठी मिळालेली बंदूक असं त्रिकूट जमलं आणि १९५०-६० च्या दशकांत माळरानं रिकामी होत गेली. ई. पी. जी यांच्यासारखे निसर्ग अभ्यासक तेव्हाच धोक्याची घंटा वाजवत होते. आता शिकारीला संस्थान लागत नव्हतं. चार मित्र, एक रात्र आणि एक जीप पुरेशी होती.

बिघाडाने घातलेली मर्यादा गेली होती, त्यामुळे ती आता कायद्याने घालावी लागली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीत टाकलं. पण मला त्यातलं मूळ कलम १७ जास्त इंटरेस्टिंग वाटतं. वाहनातून शिकार करायची नाही. वाहनाने प्राण्यांना पळवून हाकायचं नाही. रात्री शिकार करायची नाही आणि कृत्रिम उजेड वापरायचा नाही, हिंस्र प्राण्यांबाबतचे काही अपवाद सोडून. वाचताना वाटतं, कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ती जीपच उभी होती. पुढे १९९१ च्या दुरुस्तीत परवाना काढून शिकार करायची सोयच जवळजवळ संपली, म्हणून हे कलमही वगळलं गेलं. पण कलम ३९ अजून आहे. गुन्ह्यात वापरलेली आणि जप्त झालेली गाडी सरकारची होते.

याचा परिणाम बघायचा असेल तर अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जतजवळ रेहेकुरीला जा. १९८० मध्ये काळविटांसाठी केलेलं अभयारण्य, फक्त २.१७ चौरस किलोमीटरचं. पुणे-मुंबईच्या मानाने एखादा उपनगरी वॉर्ड. पण तिथे काळवीट आहेत. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावरही आहेत.

आता शेवटचा मुद्दा, आणि हा थेट आपल्यासाठी आहे. आज आपल्याकडे बंदूक नाही, पण त्या जीपपेक्षा कितीतरी भारी एसयूव्ही आहेत, छतावर एलईडी बार आहेत आणि हातात मोबाइल आहे. माळावर कळप दिसला की रीलसाठी गाडी रस्त्याखाली घालून त्याच्यामागे पळवायचा मोह होतो. काळविटाला समोरच्याच्या हातात बंदूक आहे की कॅमेरा, हे कळत नाही. तो तितक्याच जिवाच्या आकांताने पळतो. त्यात गाभण मादी असते, गवतात दडवलेलं पाडस असतं.

पूर्वीची गाडी थकायची, तापायची, रुतायची. आपली गाडी आता आपल्याला थांबवत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी माळावर हरणं दिसली की गाडी रस्त्यावरच राहू द्या, इंजिन बंद करा, दिवे बंद करा आणि दहा मिनिटं नुसतं बघा. कळप आपणहून परत चरायला लागतो.

आजच्यासाठी एवढंच. तुमच्या आजोबा-पणजोबांकडे जीपच्या आणि शिकारीच्या गोष्टी असतील तर त्यांना नक्की विचारा, कारण तो काळ बघितलेली माणसं आता फार उरलेली नाहीत. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या आणि गाडी जपून चालवा!