मालवाघिणी, अमेरिकी (वाफयुगीन)

मालवाघिणी, अमेरिकी : संयुक्त संस्थानांतील लोहमार्गांवर वाफेच्या एंजिनांच्या अमदानीत, म्हणजे स्थूलमानाने १८३० ते १९६० या कालखंडात, मालवाहतुकीसाठी वापरलेली वाहने. मराठीत रूढ झालेला ‘वाघीण’ हा शब्द इंग्रजी ‘वॅगन’चे देशी जिभेने केलेले रूपांतर असून व्याघ्रकुलाशी त्याचा काही संबंध नाही; गंमत अशी, की खुद्द अमेरिकेत ‘वॅगन’ म्हणजे घोड्यांची गाडी आणि रुळांवरचे वाहन ते ‘कार’. प्रस्तुत नोंदीत मराठी वाचकांच्या सोयीसाठी ‘वाघीण’ हाच शब्द योजला आहे.

एंजिन हे ज्या कंपनीचे असेल तिच्याच हद्दीत बहुधा आयुष्य काढते. वाघीण मात्र माल भरला की निघते, आणि शेकडो स्वतंत्र कंपन्यांच्या मालकीचे रूळ जेथे एकमेकांना भिडलेले आहेत अशा देशात ती आपल्या मालकाच्या दृष्टीआड महिनोन्महिने फिरत राहते, परक्याच्या एंजिनामागे धावते, परक्याच्या कारखान्यात दुरुस्त होते आणि कधी परक्याच्या यार्डात विसरलीही जाते. या वाहनाच्या रचनेतील बहुतेक बदल याच परिस्थितीतून उद्भवले असल्यामुळे येथे विनिमयाच्या नियमांना प्रकारांच्या वर्णनाइतकेच महत्त्व दिले आहे.

आरंभीचे स्वरूप : पहिल्या वाघिणी इंग्लंडातील नमुन्याच्या, चार चाकांच्या व लाकडी होत्या. तीव्र वळणांच्या आणि घाईने घातलेल्या अमेरिकी मार्गांवर त्या टिकाव धरीनात, म्हणून दोन टोकांना दोन स्वतंत्र चतुश्चक्री बोगी बसवून त्यांवर लांब सांगाडा ठेवण्याची पद्धत १८३० नंतरच्या दशकात रूढ झाली. या अष्टचक्री रचनेचे एकस्व रॉस विनान्स याने १८३४ साली मिळविले व त्यावरून कंपन्यांविरुद्ध सुमारे वीस वर्षे दावे चालविले. अखेर १८५८ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याच्या विरुद्ध गेला. मूळ कल्पना कोणाची, याविषयी मतभेद आहेत.

१८७० च्या सुमारास साधारण बंद वाघीण २८ फूट लांब असे आणि १० टन माल वाही. १८९० पर्यंत लांबी ३४ फुटांवर व भार ३० टनांवर गेला. (येथील टन २,००० पौंडांचा होय.) लाकडी तळचौकट इतक्या लांबीवर मध्यभागी झोळ खाते, म्हणून तिच्याखालून लोखंडी ताणसळया ओढून घेत व मधल्या फिरकीच्या कड्याने त्या वेळोवेळी आवळीत. छायाचित्रांत वाघिणीच्या पोटाखाली दिसणाऱ्या या सळयांवरून तिचा काळ ओळखण्याची अभ्यासकांची रीत आहे.

गेज : देशाच्या दक्षिण भागातील बहुतेक मार्ग ५ फूट गेजचे होते. १८८६ च्या मे महिन्याची अखेरची तारीख आणि जूनची पहिली, अशा दोन दिवसांत सुमारे ११,५०० मैल रुळांची एक बाजू तीन इंच आत सरकवून ते उत्तरेशी जुळते केले गेले.

विनिमय व त्याचे नियम : वाघिणी बांधणाऱ्या व सांभाळणाऱ्या प्रमुख कारागिरांची ‘मास्टर कार बिल्डर्स असोसिएशन’ ही संस्था १८६७ साली स्थापन झाली. परकी वाघीण सरहद्दीवर स्वीकारताना तिच्यात कोणते दोष चालतील, कोणते चालणार नाहीत, मोडतोड झाली तर तिचा खर्च कोणाच्या खाती पडेल, दोषाची चिठ्ठी वाघिणीवर कोठे ठोकावी आणि दुरुस्तीचा दर काय आकारावा, याचा तपशीलवार जाबता या संस्थेने तयार केला व दरवर्षी त्यात दुरुस्त्या केल्या. एखादा भाग विनिमयास अपात्र ठरला की तो वापरण्यास कायद्याची बंदी नसे. परंतु तो धारण करणारी वाघीण मालकाच्या कुंपणाबाहेर पडू शकत नसे, आणि धंद्याच्या दृष्टीने बंदी म्हणतात ती हीच. कमानपट्ट्यांच्या, म्हणजे लोखंडी पट्ट्या बोल्टांनी आवळून केलेल्या बाजूंच्या, जुन्या बोगी, आणि पुढे जुन्या पद्धतीचे रोधक, याच मार्गाने निकालात निघाले. संस्थेचे काम नंतर अमेरिकन रेल्वे असोसिएशनकडे व १९३४ पासून असोसिएशन ऑफ अमेरिकन रेलरोड्सकडे गेले.

मास्टर कार बिल्डर्स असोसिएशनचे एक कार्य कोशकारांना विशेष जिव्हाळ्याचे वाटावे असे आहे. दूरच्या कारखान्याकडून सुटा भाग तारेने मागवावा, तर त्याला येथे एक नाव व तेथे दुसरे. एकाच खिळीला तीन प्रांतांत तीन संज्ञा. परिणामी भलताच भाग येऊन पडे आणि वाघीण यार्डात अडकून राही. हा घोटाळा मिटविण्यासाठी वाघिणीच्या प्रत्येक अवयवाला एक निश्चित नाव देणारा सचित्र ग्रंथ तयार करावा असा ठराव संस्थेने १८७१ साली केला, आणि मथायस फॉर्नी याच्या मुख्य परिश्रमाने ‘कार-बिल्डर्स डिक्शनरी’ हा कोश १८७९ साली प्रसिद्ध झाला. पुढील आवृत्त्यांत चित्रांची व कारखानदारांच्या जाहिरातींची भर पडत गेली, आणि आज त्या काळच्या वाघिणीचा एखादा कोयंडा कसा होता हे जाणण्यास या आवृत्त्यांखेरीज दुसरे साधन अनेकदा उरत नाही. परिभाषा ही विद्वानांच्या चर्चेतून जन्मते अशी आपल्याकडे समजूत आहे. ही मात्र चुकीच्या मालाच्या हुंड्यांतून जन्मली.

भाड्याची आकारणी आरंभी मैलांवर होती. वाघीण चालली तर पैसे द्यावयाचे, उभी राहिली तर नाही. त्यामुळे परक्या वाघिणी फुकटचे कोठार म्हणून उभ्या ठेवण्याकडे यार्डवाल्यांची प्रवृत्ती झाली. १९०२ साली दिवसाला २० सेंट असा दैनिक आकार सुरू झाल्यावर हा प्रकार बराच कमी झाला.

सांधणी : जुन्या पद्धतीत दोन वाघिणी एका लांबट कडीने व दोन खुंट्यांनी जोडीत. वाघीण ढकलली जात असता मधे उभे राहून कडी हाताने नेमक्या पोकळीत शिरवावी, खुंटी टाकावी आणि हात वेळेवर मागे घ्यावा, असे हे काम होते. दरवर्षी हजारो कामगार त्यात जायबंदी होत, शेकडो प्राणास मुकत. नोकरी मागावयास आलेल्या माणसाची एकदोन बोटे नसतील तर तो अनुभवी समजावा, असे मुकादम म्हणत असत अशी आख्यायिका आहे.

व्हर्जिनियातील ईलाय जॅनी हा यादवी युद्धात दक्षिणेच्या फौजेत होता व नंतर कापडाच्या दुकानात कारकून होता. त्याने १८७३ साली स्वयंचलित कपलिंगचे एकस्व घेतले. दोन हातांची बोटे वाकवून एकमेकांत अडकवावी तशी त्याच्या कपलिंगची पोलादी गाठ परस्परांवर आदळताच मिटते. सोडविताना बाजूने दांडा उचलला की पुरते. अशी शेकडो एकस्वे त्या वेळी दप्तरी पडून होती, आणि एकाचे दुसऱ्याशी जुळत नसल्यामुळे कोणतेच उपयोगी पडत नव्हते. १८८७ साली संस्थेने जॅनीच्या कपलिंगची बाह्यरेषा तेवढी प्रमाण मानली : आतील यंत्रणा ज्याने त्याने आपल्या मनाची ठेवावी, पण मुखवटा सर्वांचा एक असावा. हा तोडगा व्यवहारचातुर्याचा नमुनाच होय.

तरीही खर्चाच्या भयाने कंपन्या रेंगाळल्या. आयोवा राज्याचा रेल्वे आयुक्त लोरेन्झो कॉफिन याने सभा, अर्ज व व्याख्याने यांच्या द्वारा चालविलेल्या दीर्घ चळवळीनंतर सुरक्षा-साधनांचा कायदा झाला व अध्यक्ष हॅरिसन यांनी २ मार्च १८९३ रोजी त्यावर सही केली. अंमलाची मुदत १ जानेवारी १८९८ होती. ती कंपन्यांच्या विनंतीवरून १ ऑगस्ट १९०० पर्यंत वाढविण्यात आली. शिड्या, हाताने धरावयाच्या कड्या व छतावरील फळ्या नेमक्या कोठे असाव्यात, याचे प्रमाण १९१० च्या पुरवणी कायद्यान्वये ठरले.

रोधक : हवेचा रोधक येण्यापूर्वी ‘ब्रेकमन’ नावाचे नोकर धावत्या गाडीच्या छतांवरून, मधल्या अरुंद फळीवरून, एका वाघिणीवरून दुसरीवर उड्या मारीत जात व सोट्याच्या साहाय्याने हातचाके आवळीत. हिवाळ्यात त्या फळीवर बर्फ साचे. एवढे सांगितले म्हणजे पुरे.

जॉर्ज वेस्टिंगहाउस याचा पहिला, साधा वायुरोधक १८६९ चा; त्यात नळी तुटली की रोधकच निकामी होई. पुढच्या दशकाच्या आरंभी त्याने व्यवस्था उलटी फिरविली. प्रत्येक वाघिणीखाली हवेची स्वतंत्र टाकी व एक त्रिमार्गी झडप बसवून, गाडीभर गेलेल्या नळीतील दाब कमी होताच रोधक आवळला जाईल, अशी योजना केली. त्यामुळे गाडी मधून तुटली तर दोन्ही भाग आपोआप थांबू लागले. मात्र पन्नास वाघिणींच्या मालगाडीत दाबाची ही वर्दी शेवटपर्यंत पोचण्यास काही क्षण लागत, तोवर पुढच्या वाघिणी थांबलेल्या व मागच्या धावत असत, आणि बसणाऱ्या धक्क्यांनी माल व माणसे दोन्ही हादरत. आयोवातील बर्लिंग्टन येथे १८८६ साली झालेल्या जाहीर चाचण्यांत हा दोष उघडा पडला. वेस्टिंगहाउसने १८८७ साली शीघ्रक्रिया झडप तयार करून तो दूर केला : प्रत्येक झडप नळीतील थोडी हवा आपल्याकडे घेऊन पुढच्या झडपेला वर्दी जलद देऊ लागली. मालगाड्यांत नळीतील दाब सामान्यतः चौरस इंचास ७० पौंड असे. नेहमीच्या वापरासाठी व आणीबाणीसाठी वेगळी हवा राखणारी ‘एबी’ पद्धत १९३३ पासून नव्या वाघिणींवर आली. जुनी ‘के’ पद्धत विनिमयातून पूर्णतः हद्दपार होण्यास आणखी वीस वर्षे लागली.

पोलादाचा प्रवेश : चार्ल्स शोएन याने पिट्सबर्ग येथे दाबाने घडविलेल्या पोलादी पत्र्यांचे भाग तयार करण्यास आरंभ केला, १८९७ साली त्याला ५० टनी पोलादी कोळसावाघिणींचा मोठा मक्ता मिळाला व १८९९ साली ‘प्रेस्ड स्टील कार कंपनी’ उभी राहिली. हिच्याच मकीज रॉक्स येथील कारखान्यात १९०९ साली परदेशांतून आलेल्या मजुरांचा रक्तरंजित संप झाला.

दाबलेल्या पोलादाचे तंत्र इंग्लंडातील लीड्स फोर्जच्या सॅम्सन फॉक्स याचे. या तंत्राचा महाराष्ट्राशीही प्रत्यक्ष संबंध आहे : एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने बांधलेल्या व १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी मार्गावरील बोगी वाघिणी लीड्स फोर्जच्या पोलादी चौकटींवर उभ्या होत्या, आणि आसावर ५ टनांहून अधिक भार न पडू देता वाघिणीची वहनक्षमता वाढविण्याची कॅलथ्रॉपची सारी योजना या हलक्या चौकटीवर अवलंबून होती.

पहिल्या महायुद्धाच्या काळात सरकारने २८ डिसेंबर १९१७ पासून रेल्वे आपल्या ताब्यात घेतल्या; त्या १ मार्च १९२० रोजी परत केल्या. या अवधीत युनायटेड स्टेट्स रेलरोड ॲडमिनिस्ट्रेशनने प्रमाणित नमुन्यांच्या एक लाख वाघिणींची मागणी नोंदविली : ४० टनी दुहेरी फळ्यांच्या बंद वाघिणी २५,०००, ५० टनी एकेरी फळ्यांच्या २५,०००, ५५ टनी गळतळी (तळाची दारे उघडून रिकाम्या होणाऱ्या) कोळसावाघिणी २५,०००, उघड्या संमिश्र वाघिणी २०,००० व ७० टनी उघड्या ५,०००. कंपन्यांनी त्या कुरकुरत स्वीकारल्या, आणि पुढे स्वखुशीने त्याच नमुन्यांच्या नकला करविल्या.

प्रकार : (१) बंद वाघीण. संख्येने व उपयोगाने प्रमुख. दुहेरी फळ्यांच्या वाघिणीत सांगाडा आतबाहेरच्या फळ्यांमध्ये झाकलेला असे. एकेरीत पोलादी तिरप्या पट्ट्या बाहेरून दिसत व फळ्या त्यांच्या आत असत. ओल्या लाकडाच्या फळ्या वाळून आक्रसल्या की फटींतून धान्य गळे, म्हणून एकेरी फळ्यांविषयी धान्यव्यापाऱ्यांच्या तक्रारी असत. दाराची रुंदी बहुधा ६ फूट. हंगामात गहू भरण्यापूर्वी दाराच्या आतून तात्पुरत्या फळ्या ठोकून बांध घालीत, गहू मोकळाच ओतीत, आणि मुक्कामी त्या फळ्या उखडून गहू वाहू देत. पेनसिल्व्हेनिया रेलरोडने १९२४ पासून ‘एक्स २९’ या संपूर्ण पोलादी नमुन्याच्या पंचवीस हजारांहून अधिक वाघिणी बांधल्या. १९३७ च्या प्रमाण नमुन्यात आतील उंची १० फुटांवर गेली. रंग सर्वसाधारणपणे लोहभस्माचा तांबूस. तो स्वस्त व टिकाऊ म्हणून. बाजूवर मालक कंपनीची आद्याक्षरे, क्रमांक, क्षमता, रिकामे वजन आणि शेवटच्या तोलाची तारीख रंगवीत.

(२) शीतवाघीण. दोन्ही टोकांना बर्फाचे हौद, वर झाकणे, भिंतींत केसांच्या नमद्याचे अस्तर. शिकागोचा मांसव्यापारी गुस्ताव्हस स्विफ्ट याने अँड्र्यू चेस याच्याकडून असा नमुना करवून घेतला. परंतु जिवंत जनावरांच्या वाहतुकीत ज्यांचे भांडवल गुंतले होते त्या कंपन्या त्याच्या वाघिणी घेईनात, तेव्हा कॅनडाच्या ग्रँड ट्रंक मार्गाने त्याने आपला माल पूर्वेकडे नेला. मांसासाठी बर्फात मीठ घालीत. त्याचे खारे पाणी गळून रूळ गंजत, ही मार्गनिरीक्षकांची नित्याची तक्रार. फळांच्या वाहतुकीसाठी युनियन पॅसिफिक व सदर्न पॅसिफिक यांनी मिळून १९०६ साली स्थापिलेली ‘पॅसिफिक फ्रूट एक्स्प्रेस’ ही या क्षेत्रातील अग्रगण्य संस्था होती.

(३) टाकीवाघीण. १८६५ साली पेनसिल्व्हेनियातील तेलप्रदेशात डेन्समोर बंधूंनी उघड्या वाघिणीवर दोन लाकडी पिंपे उभी करून सुरुवात केली. चारपाच वर्षांतच आडवी लोखंडी टाकी आली. वरचा घुमट तेलाच्या प्रसरणासाठी असे.

(४) कोळसावाघिणी. उघड्या व गळतळी. व्हर्जिनियन रेल्वेच्या १२० टनी वाघिणींना षट्चक्री बोगी होत्या.

(५) पशुवाघीण. जनावरांना २८ तासांहून अधिक काळ विसाव्याविना कोंडून ठेवू नये असा १८७३ चा कायदा. १९०६ मध्ये सुधारित.

चाके व वंगण : चाक ३३ इंच व्यासाचे, ओतीव लोखंडाचे, धाव थंड साच्यात कठीण केलेली. आसाचे टोक पितळी धारव्याखाली फिरे, आणि खालच्या पेटीत तेलात भिजविलेला सुताचा चोथा कोंबलेला असे. तो सरकला वा सुकला की पेटी तापून चोथा पेट घेई व आस तुटण्याचा प्रसंग येई. ५० टनी वाघिणीस आसाचे टोक साडेपाच बाय दहा इंचांचे, ४० टनीस पाच बाय नऊ. बोगीच्या बाजू प्रथम लोखंडी पट्ट्या बोल्टांनी आवळून करीत. ते सैल होत. आयोवातील बेटेनडॉर्फ बंधूंनी आसपेट्यांसह एकसंध ओतीव पोलादी बाजू प्रचारात आणली, आणि त्यांच्या कारखान्याच्या गावाला पुढे त्यांचेच नाव पडले.

गार्डचा डबा : ‘कबूस’. मालगाडीच्या शेवटी जोडीत. छतावर टेहळणीचा मनोरा असे.