चित्त्याची नजर, कुत्र्याचे नाक: बुलढाण्यातील दोन जुने व्यवसाय

मांजर आणि कुत्रा या दोन्ही कुळांतील प्राण्यांना जग माणसासारखे दिसत नाही, ऐकू येत नाही आणि वासातूनही तसे कळत नाही. वऱ्हाडातल्या बुलढाणा जिल्ह्यात ही गोष्ट पारधी आणि धनगर या दोन समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी जाणून घेतली. पारध्याला जनावर धरायचे होते, तर धनगराला जनावरापासून कळप राखायचा होता.

वऱ्हाड १५९६ मध्ये मोगलांकडे गेले. आजच्या जिल्ह्यातील मेहकर हे त्या वेळी सरकारचे, म्हणजे सुभ्याच्या एका मोठ्या विभागाचे ठाणे होते. मोगल दरबाराला चित्त्याच्या शिकारीचे विलक्षण वेड होते. अकबराकडे एका वेळी हजार चित्ते जमल्याचे जहांगीर लिहितो. मात्र बंदिवासात चित्त्यांची वीण होत नसे. एका मादीला पिल्ले झाल्याची घटना जहांगीरने १६१३ मध्ये मुद्दाम नोंदवली, ती याच कारणाने. शिवाय शिकार करायला पिल्लू आईकडूनच शिकते, म्हणून रानातला वाढलेला चित्ताच धरावा लागे. हे काम येणारे लोक मध्य भारतात आणि वऱ्हाडात चिता पारधी म्हणून ओळखले जात.

त्यांची युक्ती चित्त्याच्या नाकावर आधारलेली होती. चित्ते माळावरच्या ठरावीक झाडांपाशी पुन्हा पुन्हा येतात. तिथे मूत्र फवारतात, नखे घासतात आणि आधी येऊन गेलेल्याचा वास घेतात. असे झाड हेरून पारधी त्याच्या भोवती हरणाच्या स्नायूंचे फासे मांडत. मांजरकुळातील प्राणी वासाच्या खुणांनी एकमेकांशी संपर्क ठेवतात, हे शास्त्राने पुढे सविस्तर मांडले. पारध्याचा सगळा व्यवसाय त्याच्या कितीतरी आधीपासून त्यावर उभा होता.

प्रत्यक्ष शिकारीत मात्र काम डोळ्याचे. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला बैलगाडीत बसवत. काळविटे बैलगाडीला सरावलेली असल्यामुळे गाडी बरीच जवळ नेता येई. टोपी काढली की चित्त्याची नजर कळपावर खिळे आणि क्षणात तो सुटे. त्याच्या दृष्टिपटलावर चेतापेशींची दाटी आडव्या पट्ट्यात असते, त्यामुळे क्षितिजालगतची हालचाल त्याला नेमकी टिपता येते. पण ही धाव काही शे मीटरच टिकते. शिकार हाती लागली की पळीतून ताजे रक्त पाजून त्याला सावजापासून सोडवत आणि लगेच पुन्हा डोळे झाकत. डोळे झाकले की तो शांत राही. एवढ्या वेगवान प्राण्याला केवळ त्याच्या नजरेच्या आधारे ताब्यात ठेवणे हे मोठे कसब होते.

देशातले शेवटचे ठरलेले तीन चित्ते १९४७ च्या सुमारास कोरिया संस्थानात मारले गेले आणि १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी पारध्यांसह अनेक समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा रद्द झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारही बंद केली. प्राण्यांसाठी ते आवश्यकच होते. पण रान वाचण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्या विद्येला रान राखण्याच्या कामात जागा देण्याची दृष्टी तेव्हा फारशी दिसली नाही, ही मोठी हानी झाली. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ‘चिता पारधी’ हे नाव अजून आहे.

धनगराचा भरवसा कुत्र्यावर. पीक निघाल्यावर खतासाठी शेतात मेंढ्या बसवतात. अशा रात्री राखणीचे खरे काम कुत्र्याचे, कारण लांडगा अंधारात येतो. कुत्र्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी वीस कोटींहून अधिक मानल्या जातात, तर माणसाच्या नाकात पन्नास-साठ लाख. वारा लांडग्याकडून वाड्याकडे वाहत असेल, तर तो दिसण्याच्या कितीतरी आधी कुत्रा उठून उभा राहतो. वारा उलटा असेल तर भिस्त कानावर. माणसाचा कान सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो, कुत्र्याचा सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंत. त्याला लाल आणि हिरवा रंग वेगळे ओळखता येत नाहीत, पण मंद उजेडातली हालचाल तो माणसापेक्षा चांगली टिपतो. धनगरांचे दैवत असलेल्या खंडोबाच्या मूर्तीत आणि टाकांवर घोड्याबरोबर कुत्राही असतो.

पारध्यांनी ओळखलेली वासाच्या खुणांची भाषा रानात आजही चालते. डिसेंबर २०१९ मध्ये मांजरकुळातला एक मोठा पाहुणा जिल्ह्यात आला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला तरुण वाघ ‘सी-१’ जूनमध्ये निघाला. महाराष्ट्र आणि तेलंगणातून शेते, ओढे, रस्ते ओलांडत सुमारे १३०० किलोमीटर चालून तो ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे हा मार्ग कळला. तरुण नर वाघ हद्द आणि जोडीदार शोधत फिरतो. झाडांवर फवारलेला वास त्याला तिथे कोण राहते, मादी आहे का, हे सांगतो. वरचा ओठ उचलून तो हवा टाळूतल्या खास इंद्रियाकडे ओढतो आणि त्या वासाची पारख करतो. घरातले मांजरही हेच करते. २०५ चौरस किलोमीटरच्या ज्ञानगंगेत सावज होते, पण वाघीण नव्हती. २०२० मध्ये कॉलर उतरवेपर्यंत त्याची एकूण चाल ३००० किलोमीटरवर गेली होती.