राखण

नाचणीला कणसं धरली की वारणेच्या वरच्या खोऱ्यात घरटी एक माणूस रात्रीचा घरी नसे. तो माळ्यावर असे. ऐनाचे नाहीतर किंजळाचे चार खांब, वर बांबूची ताटी, तिच्यावर गवताचं छप्पर. सोबत घोंगडं, गोफण, बडवायला रॉकेलचा रिकामा डबा आणि मडक्यात निखारे. भाद्रपदापासून पीक खळ्यावर येईपर्यंत हे चाले. झोळंबी, रुंदिव, निवळे, गोठणे ही ज्यांची राखण चाले ती गावं आज चांदोली राष्ट्रीय उद्यानात आहेत. म्हणजे नकाशावर नावं आहेत, चूल एकही नाही. सातारा-सांगलीच्या जंगलात जनावर बघण्याचा इतिहास सांगायचा तर लोक राजेरजवाड्यांच्या शिकारीपासून सुरुवात करतात. मी माळ्यापासून करतो, कारण तिथे बसणाऱ्याला झोप परवडत नव्हती.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. चांदोलीच्या विस्थापितांना खाली सपाटीवर जमिनी मिळाल्या, त्यातल्या काहींची मोजणी माझ्या वाट्याला आली. मोजणीच्या कामात निम्मा वेळ शेजारचा खातेदार येण्याची वाट बघण्यात जातो. साखळी पसरलेली, प्लेन टेबल मांडलेलं, आणि आम्ही बांधावरच्या बाभळीखाली बसलेलो. अशा वेळी म्हातारी माणसं बोलत. जमिनीबद्दल कमी बोलत. ती काळी, चिकट, त्यांच्या ओळखीची नव्हती. बोलत ते जनावरांबद्दल.

त्यातल्या एका आजोबांनी मला गवा कसा ओळखायचा ते सांगितलं होतं. "डोळ्यानं न्हाई सायेब, अंधारात काय दिसतंय? नाचणीत शिरला की तोंड चालल्याचा आवाज येतोय, म्हशीगत. पर म्हस मधीच थांबून सुस्कारा टाकती, ह्यो टाकत न्हाई." डुकराचा कळप आला की आधी ओल्या मातीचा वास येतो, सांबर बुजलं की एकदाच ठणकावून ओरडतं आणि पाय आपटतं, भेकर मात्र कुत्र्यासारखं भुंकत राहतं. भेकर एका जागी उभं राहून भुंकतंय की सरकत सरकत भुंकतंय, यावरून त्याला दिसलेलं जनावर बसलंय की चाललंय ते कळतं. हे ऐकल्यावर मी वन्यजीवांवरची बरीच पुस्तकं वाचली. भेकराच्या भुंकण्याचा उल्लेख सगळीकडे आहे, पण सरकत्या आवाजाची गोष्ट मला तरी सापडली नाही.

राखण फक्त शेताची नसे. कोयनेच्या खोऱ्यात वासोट्याला जायला बामणोलीहून लाँच मिळते; पलीकडच्या काठाला उतरलं की ते मेट इंदवली. गडाखालच्या चौकीला मेट म्हणत. तिथे वंशपरंपरा राखणारी माणसं असत आणि गडाच्या घेऱ्यातलं रान तोडायला बंदी असे. रान दाट राहिलं तर शत्रूला वाट सापडत नाही, हा त्यातला हिशेब. वाघाला त्याचा फायदा आयताच मिळाला. शिवाजी महाराजांनी या गडाला व्याघ्रगड नाव दिलं. १८१७ मध्ये बाजीराव दुसऱ्याने साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांच्या कुटुंबाला इथे आणून ठेवलं होतं, आणि हंटर व मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारीही इथेच कैदेत होते. एप्रिल १८१८ मध्ये जनरल प्रिट्झलरने तोफा चढवून गड घेतला. इतक्या आडवळणाच्या जागी तोफा कशा चढवल्या असतील हा प्रश्न प्रत्येक ट्रेकर विचारतो. माझा अंदाज असा, की वाट दाखवायला आणि ओझी वाहायला आसपासच्याच गावांतली माणसं धरली असणार. इतिहासात त्यांची नावं येत नाहीत, शिकारीच्या गोष्टींत हाकेकऱ्यांची येत नाहीत, तसंच.

शिकारीच्या गोष्टींत कुत्र्याचं नाव मात्र येतं. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहूंच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघ अंगावर आला तेव्हा त्याने भुंकून महाराजांचा जीव वाचवला, अशी कथा सांगतात. त्याला पालखीचा मान दिल्याचंही सांगतात. कथा किती खरी याच्या वादात मी पडत नाही. दगडातला कुत्रा तिथे बसलेला आहे. पण त्या दिवशी हाका कोणी घातला, वाघ कोणत्या ओढ्याला पाण्यावर येतो ही खबर कोणी आणली, हे कोणी लिहून ठेवलं नाही. खबर देणारा राखणदारच असणार. दुसऱ्या कोणाला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं.

इंग्रजी अमलात दोन कायदे एकाच वर्षी आले, १८७८ साली. एक वनांचा, दुसरा हत्यारांचा. पहिल्याने राखीव जंगल ठरलं आणि डोंगरउतारावर रान भाजून नाचणी-वरी करण्याची कुमरीची पद्धत आवळली गेली. दुसऱ्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा झालं. त्याच वेळी वाघ-बिबट्या मारणाऱ्याला सरकार बक्षीसही देई. म्हणजे साहेबाने वाघ मारला तर तो खेळ, परवानेवाल्याने मारला तर बक्षीस, आणि बिनपरवान्याच्या कुळवाड्याने गव्यापासून नाचणी वाचवायला बार काढला तर खटला. कागदावर हे दोन कायदे वेगळ्या कारणांसाठी झाले हे मला मान्य आहे. माळ्यावर बसलेल्याच्या हातात मात्र दोहोंनी मिळून गोफण आणि डबाच शिल्लक ठेवला.

पुढचा काळ भराभर सांगण्यासारखा आहे. स्वातंत्र्यानंतर कोयनेचं धरण झालं आणि शिवसागराखाली खोऱ्यातली सुपीक पट्टी गेली. माणसं कोकणात, ठाणे-रायगडकडे, सोलापूरकडे पांगली. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार संपली, निदान कागदावर. १९८५ मध्ये कोयना आणि चांदोली ही अभयारण्यं जाहीर झाली. वारणेवर चांदोलीचं धरण होऊन चौतीस टीएमसीचा वसंतसागर भरला. २००४ मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यान झालं, २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. आज त्याचं एकूण क्षेत्र ११६५ चौरस किलोमीटरच्या थोडं वर आहे, त्यातला निम्म्याहून जास्त भाग गाभ्याचा. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवलं, त्यात महाराष्ट्रातून कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी आहेत.

गावं याच काळात उठली. पुनर्वसनासाठी लोक वर्षानुवर्षं लढले, डॉ. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलाच्या ठिय्यांत मी मोजलेल्या जमिनींचे खातेदारही बसलेले असत. उठणाऱ्या गावाचं मूल्यांकन होतं तेव्हा घराचे वासे मोजतात, विहिरीची खोली मोजतात. आंबा, फणस, हिरडा प्रत्येक झाडाची नोंद होते. या गावातल्या माणसांनी आसपास काय पाहिलंय, याला रकाना नसतो. मी सरकारी नोकर होतो, मीही रकान्याबाहेरचं काही लिहिलं नाही. गावं उठल्यावर जंगल मोकळं झालं, गव्यांनी पडीक खाचरं धरली, हे खरं आहे आणि चांगलंच झालं. पण गाव उठवणं आणि गावाचं ऐकून न घेणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. दुसरीची काही गरज नव्हती.

त्या वेळी वाघांची गणती पावलांच्या ठशांवर होई. वनरक्षक ठशावर काच धरून पेनाने त्याची रेघ काढत, नाहीतर प्लास्टर ओतून साचा घेत. ओल्या मातीत ठसा पसरतो, लाल जांभ्यावर उमटतच नाही, आणि इथला माथा म्हणजे सगळा जांभ्याचा सडा. राजस्थानातल्या सरिस्कात वाघ संपल्याचं २००५ मध्ये उघड झालं तेव्हा या पद्धतीवरचा विश्वास उडाला आणि देशभर कॅमेरे आले. वाटेच्या दोन्ही अंगांना एकेक कॅमेरा बांधतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात. सह्याद्रीत मे २०१८ मध्ये बऱ्याच वर्षांनी वाघाचा फोटो मिळाला. मग पुन्हा शांतता. डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत एक नर दिसला, त्याचं नाव पुढे सेनापती पडलं. नंतर सुभेदार आणि बाजी आले. तिघेही नर. दक्षिणेकडे राधानगरी, तिलारी, गोव्याची म्हादई आणि कर्नाटकातल्या काळी नदीच्या जंगलापर्यंत डोंगराची सलग वाट आहे. तिने नर भटकत येतात, मादी सहसा इतक्या लांब येत नाही. म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्यातली वाघीण आणून चांदोलीत आधी कुंपणात ठेवली आणि मग सोडली. तिला तारा नाव दिलं.

वाघाला खायला हवं म्हणून त्याआधी चितळंही आणली होती. त्यातली काही सागरेश्वरची. सागरेश्वर हे सांगली जिल्ह्यातलं वेगळंच प्रकरण आहे. देवराष्ट्र्याजवळच्या उघड्याबोडक्या डोंगरावर धों. म. मोहिते यांनी लोकांना आणि वनखात्याला हाताशी धरून झाडं वाढवली, हरणं आणून सोडली, आणि १९८५ मध्ये ते अभयारण्य झालं. जेमतेम अकरा चौरस किलोमीटर, भोवती कुंपण. तिथे जनावर दिसतं. अर्ध्या तासात चितळ, काळवीट, सांबर. दाट ओल्या सड्याच्या रानात चितळ मुळात कितपत शोभतं याबद्दल मला शंका आहे. तो उघड्या गवताचा प्राणी. पण वाघाला शंका नसावी.

निवृत्तीनंतर मी चांदोलीच्या सफारीला जाऊ लागलो. शिराळ्याहून मणदूर, तिथे नाक्यावर नोंद, मग जीप. मुक्काम बाहेर आणि रोज सकाळी आत, असं सलग काही दिवस फिरलं तर जंगल थोडं कळतं. एका फेरीत कळत नाही. पहिल्या दिवशी शेकरू आणि लांबून एक धनेश. दुसऱ्या दिवशी धुकं, म्हणजे काहीच नाही. पलीकडे पाथरपुंजला मोसमात सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, त्या ढगांचा शिल्लक माल इथे येतो. एकदा जनीच्या आंब्याजवळच्या लपणगृहात बसलो असताना गव्यांचा कळप पाण्यावर आला. पुढे म्हातारी मादी, वासरं मधे, आणि काळाकभिन्न नर सगळ्यात मागे, रेंगाळत. पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. सोबतच्या मंडळींनी भराभर फोटो काढले. मी डोळे मिटून चावण्याचा आवाज ऐकला. सुस्कारा नव्हता.

झोळंबीच्या सड्यावर अस्वलाची विष्ठा दिसली, जांभळाच्या बियांनी भरलेली. रानकुत्र्यांनी ओढ्यात पाडलेल्या सांबराची शिंगं दिसली. जीपमधल्या एका कुटुंबाने परतताना नाक्यावर तक्रार केली, की पैसे भरून काहीच दिसलं नाही. ते ताडोबा बघून आले होते. तिथे साग आणि बांबूच्या मोकळ्या रानात वाघ रस्त्यावर चालतो. इथे दहा पावलांवर अंजनी-जांभळीच्या जाळीत हत्ती उभा असला तरी कळायचा नाही. या जंगलात सफारी विकायचीच असेल तर ती ऐकण्याची विकावी असं माझं मत आहे. वैशाखात बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर मचाणावर रात्र काढण्याचा जो कार्यक्रम वनखातं करतं, तो त्यातल्या त्यात बरा. पूर्वी त्याला प्राणीगणना म्हणत, आता निसर्गानुभव म्हणतात. मचाण म्हणजे लोखंडी पायऱ्यांचा माळाच. फक्त खाली नाचणी नाही आणि डबा वाजवायला बंदी आहे.

इकडे खाली राखण वेगळ्या रूपाने चालूच आहे. शिराळा, वाळवा, कराडच्या उसात बिबटे व्याले, तोडणीच्या वेळी फडात पिल्लं सापडतात. शेतीपंपाची वीज पाळीने येते आणि पाळी बऱ्याचदा रात्रीची असते. मग पाणी पाजायला विस्थापितांची पोरं बॅटरी आणि मोबाइलवर गाणी लावून जातात. आजोबांचा नातू त्यातलाच. आजोबांना तारा वाघिणीचं सांगितलं तेव्हा त्यांनी ती कुठे सोडली एवढंच विचारलं, आणि मग वैशाखात कुठे कुठे पाणी टिकतं ते एकामागून एक सांगत गेले. मी जुन्या सवयीने कागद पुढे ओढला, ओढे काढले, आणि ते सांगतील तिथे फुल्या मारल्या. त्यातल्या काही जागा आज वसंतसागराखाली आहेत. काहींवर वनखात्याचे पाणवठे आहेत, म्हणजे त्यांनाही त्या सापडल्या. दोन फुल्या उरतात. दोन्ही गाभ्यात, पर्यटकाला परवानगी नसलेल्या भागात. तो नकाशा मी वनरक्षकाच्या हातात दिला. त्याने आपल्या मोबाइलवर फोटो काढून घेतला आणि गस्तीला गेलो की बघतो म्हणाला.