पाटी आणि पट

मराठी प्राथमिक शाळेची आठवण निघाली की लेखकांची लेखणी बहुधा जून महिन्यात रमते. पहिला पाऊस, नव्या पुस्तकांचा वास, भिजलेली दप्तरे यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु शाळा आणि गाव यांचे नाते कसे घडत गेले हे पाहावयाचे असेल, तर जूनपेक्षा आश्विन-कार्तिक अधिक बोलके आहेत. या दोन महिन्यांत गाव शाळेत येते, आणि याच दोन महिन्यांत गावाचा एक भाग शाळेतून निघूनही जातो. रोहे तालुक्यातील कोलाडचा परिसर समोर ठेवला, तर या दोन्ही गोष्टी एकाच चित्रात दिसतात.

कोलाड हे मुंबई-गोवा महामार्गावरचे, कुंडलिकेच्या काठचे गाव. भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून १९२७ पासून सुटणाऱ्या पाण्यामुळे ही नदी बारमाही झाली. पुढे कोकण रेल्वे आली, आणि १९९९ साली भरलेले ट्रक आगगाडीवर चढवून गोव्याकडे नेण्याची सेवा येथूनच सुरू झाली. एवढे बदल झाले तरी आसपासच्या गावांचे मूळ वेळापत्रक भाताचेच राहिले. नवरात्रात हळवे भात कापणीला येते, गरवे दिवाळीच्या पुढेमागे. दसऱ्याच्या तोरणात झेंडूबरोबर भाताची लोंबी येते ती याच हिशेबाने. शाळेची सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी यांची सांगडही याच हंगामाशी बसलेली आहे. कापणीच्या दिवसांत घरातले लहानमोठे सगळेच हात शेतावर लागतात, हे कोकणातल्या शिक्षकाला सांगावे लागत नाही.

दसऱ्याचे पाटीपूजन हा या काळातला सर्वांत जुना शालेय विधी. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढावयाची, तिला हळदकुंकू आणि फूल वाहावयाचे, खडीसाखर किंवा फुटाणे वाटावयाचे. एका आकड्याच्या पुनरावृत्तीतून देवता उभी करण्याची ही कल्पना अक्षरशत्रू असलेल्या आईबापांनाही कळत असे. जोडीला मुलींचा भोंडला, कोठे हादगा, विदर्भ-खानदेशाकडे भुलाबाई. मधोमध हत्ती, भोवती फेर, आणि शेवटी खिरापत ओळखण्याचा खेळ. खिरापत घरोघरून येते. शाळेच्या खर्चाच्या वहीत न दिसणारी ही लोकवर्गणीच म्हणावयाची.

या देवघेवीचे मूळ सरकारी शाळेहून जुने आहे. १८२० च्या दशकात मुंबई सरकारने इलाख्यातील देशी शाळांची जी माहिती गोळा केली, तीत सुमारे १,७०० शाळा आणि ३५ हजारांच्या आसपास मुले आढळली. या शाळा देवळात, ओसरीवर, एखाद्या गृहस्थाच्या पडवीत भरत. मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत. पंतोजींचे वेतन थोडे रोख, थोडे धान्यात, आणि सणावारी मिळणाऱ्या शिध्यात असे. पीक घरात आले की गुरुजींचे धान्यही आले. शाळा चालणे हे गावाच्या मर्जीवर आणि सुगीवर अवलंबून होते. अर्थात ज्यांच्या ओसरीवर ती भरे, त्यांच्याच शेजारच्या घरांतली मुले तीत प्रामुख्याने असत. शेतकऱ्याचा मुलगा क्वचित, मुलगी जवळजवळ नाहीच, आणि गावकुसाबाहेरचे मूल तर मुळीच नाही. देशी शाळेचे गोडवे गाताना हे विसरून चालणार नाही.

पुढे गावाचा वाटा शिध्याऐवजी करातून जाऊ लागला. १८६० च्या दशकात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा 'लोकल फंड' घेण्यास आरंभ झाला आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी ठेवण्यात आला. म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या भातशेतीचाही एक वाटा शाळेसाठी ठरवून दिला गेला होता. पण पैसे देणारा आणि शिकणारा एकच होता काय? महात्मा फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन केले, त्याचा गाभा हाच प्रश्न आहे. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणीही त्यांनी केली. त्यावेळी ती फारशी मनावर घेतली गेली नाही. सक्तीचा कायदेशीर हक्क प्रत्यक्षात यावयास २०१० साल उजाडावे लागले.

'गावाचा सहभाग' हा शब्द आज शासकीय परिपत्रकांत सहज येतो. इतिहासात मात्र त्याच्या आधी एक प्रश्न उभा असतो: गाव म्हणजे कोण? ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव मान्य केला. सार्वजनिक पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, आणि त्याबरोबर सार्वजनिक शाळाही अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. हा ठराव आपल्याला आठवतो तो महाडच्या चवदार तळ्यामुळे. तेथे १९२७ च्या मार्चमध्ये जे घडले ते याच कुलाबा जिल्ह्यात घडले. ठरावातील शाळेचा उल्लेख मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिला. पाण्याइतकीच पाटीही अडवली जात होती. ज्या वर्गात काही मुलांना ओसरीवर बसविले जाई, त्या वर्गातले पाटीपूजन साऱ्या गावाचे कसे म्हणावे? आज महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. डॉ. आंबेडकरांनी १९०० साली याच तारखेस साताऱ्याच्या सरकारी शाळेत प्रवेश घेतला होता. शालेय दिनदर्शिकेत तोही शरदातच येतो, पण पुष्कळदा दिवाळीच्या सुट्टीत हरवून जातो.

१९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, शाळा वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचल्या. दाराबाहेरचे मूल आत आले. आणि येथेच रायगड जिल्ह्यातील दुसरी कथा सुरू होते, ती कातकऱ्यांची.

खैरापासून कात काढणे हा या जमातीचा जुना व्यवसाय. नावही त्यावरूनच पडले. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगल त्यांच्या हातून सुटत गेले. हाती उरली ती कोळशाच्या भट्टीवरची आणि वीटभट्टीवरची मजुरी. पेण, रोहे, सुधागड या तालुक्यांतील वाड्यांवरची कुटुंबे भातकापणी आटोपली की उचल घेऊन बाहेर पडतात. कोणी पनवेल-ठाण्याकडच्या वीटभट्ट्यांवर, तर कोणी घाटावर कोळसा पाडायला. परततात ती होळीला, नाहीतर थेट पावसाच्या तोंडाशी. मुले बरोबर जातात, कारण मागे ठेवावयाची कोणाजवळ? दसऱ्याला ज्याच्या पाटीवर सरस्वती होती, तेच मूल दिवाळीची सुट्टी संपल्यावर वर्गात नसते.

शासनाच्या हिशेबात ही गोष्ट लवकर दिसत नाही, त्याचे कारण साधे आहे. शाळेची पटसंख्या मोजण्याची तारीख अनेक वर्षे ३० सप्टेंबर ही राहिली आहे, आणि शिक्षकांची पदे तीवरून ठरत आली आहेत. ३० सप्टेंबरला वाडीवरचे मूल पटावर असते आणि बहुधा वर्गातही असते. स्थलांतर त्यानंतरचे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ रोजी राज्यभर पटपडताळणी झाली आणि पटावरची लाखो नावे वर्गात सापडली नाहीत. तेव्हा गाजले ते खोटे पट लावणाऱ्या संस्थांचे प्रकरण, आणि ते गाजणे योग्यच होते. पण नाव खरे आणि मूलही खरे, केवळ ऋतू बदलला म्हणून जागा रिकामी, असा जो तिसरा प्रकार असतो, त्याकडे त्या गदारोळात कोणाचे लक्ष गेले नाही. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १,३०० शाळा जवळच्या शाळांत विलीन करण्याचा निर्णय झाला. डोंगरपायथ्याच्या वाडीवर दहाबारा मुलांच्या शाळेतून दोन कुटुंबे निघून गेली, तर प्रश्न केवळ त्या मुलांचा राहत नाही, शाळेच्या अस्तित्वाचा होतो.

मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरविल्या. १९९० च्या दशकात 'विधायक संसद' या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा सुरू केल्या. भोंगा म्हणजे भट्टी-मजुराची झोपडी. शासनाने पुढे हंगामी वसतिगृहे आणि शिक्षण हमी पत्रक आणले. या साऱ्या उपायांत एक गोष्ट समान आहे. मूल गेल्यावर कोणीतरी त्याची चौकशी केली पाहिजे, नाहीतर यांतला एकही उपाय चालत नाही.

ती चौकशी कोणी करावयाची? शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, वंचित गटांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान असावे, असे ठरविले आहे. शिधा देणाऱ्या गावापासून समितीवर बसणाऱ्या पालकांपर्यंतचा हा प्रवास थोडाथोडका नव्हे. परंतु ज्या पालकांची मुले शाळेबाहेर पडतात, ते स्वतःही त्याच दिवशी बाहेर पडलेले असतात. बैठकीत त्यांची खुर्ची रिकामी राहते आणि त्यांच्या वतीने बोलणारे कोणी नसते.

म्हणून शरदातील शालेय उपक्रमांकडे केवळ हौस म्हणून पाहू नये असे वाटते. पाटीपूजनाला आणि भोंडल्याला सगळे पालक एकत्र येतात, ते उचल घेण्याच्या अगदी तोंडावर. कोणती कुटुंबे जाणार, कोणाची आजी मागे राहणार, कोणत्या मुलाला वसतिगृह किंवा शेजारघर पुरेल, कोणाच्या हाती हमी पत्रक द्यावयाचे, हे सारे ठरविण्यास गावाला वर्षात याहून चांगला दिवस मिळत नाही. नोव्हेंबरात तो निघून गेलेला असतो. पट ३० सप्टेंबरला मोजावा लागतो तर मोजावा. पण दिवाळीनंतर पहिल्या सोमवारी तो पुन्हा एकदा मोटारीतून आलेल्या अधिकाऱ्याने नव्हे, गावाने मोजावा.