राबाच्या आचेतून जिवाणूच्या पाकिटाकडे

ठाणे जिल्ह्यात शहापूर-मुरबाडकडे पावसाआधी राब भाजतात. शेण, टहाळ, पातेरा, गवत असे थर, वर थोडी माती, मग जाळ. पाऊस लागला की त्याच जागी भात पेरायचे आणि रोप वाढले की आवणी. या टहाळासाठी झाडे छाटण्यावरून ठाणे-कुलाब्यात जंगलखात्याशी इतका तंटा झाला, की १८८५ मध्ये सरकारला कमिशन नेमावे लागले.

राबातले रोप जोमदार का? कोणी म्हणतो राखेचे खत, कोणी म्हणतो तण मरते. माझे मत आचेला. १९०९ मध्ये इंग्लंडात रसेल आणि हचिन्सन यांनी माती तापवून पाहिली. जिवाणू आधी घटले, मग पूर्वीहून जास्त वाढले आणि अमोनियाही वाढला. जिवाणू खाणारे आदिजीव आचेने मेले, असा त्यांचा खुलासा. तो पुढे फारसा टिकला नाही. मेलेल्या जीवांचेच अन्न उरलेल्यांना मिळते, हे जास्त पटते.

आता गंमत पाहा. १९१२ मध्ये राबपद्धतीवर सरकारी प्रबंध निघाला. लेखक पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरल्ड मॅन, सोबत एन. व्ही. जोशी आणि कानिटकर. १९२० मध्ये बिहारातल्या पुसाहून द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींच्या जिवाणूंवर निबंध आला. या जिवाणूंचे, म्हणजे रायझोबियमचे, भारतातले संशोधन तिथून मोजतात. त्यावरही नाव एन. व्ही. जोशी! माणूस एकच, असे मी धरून चालतो. युरोपातली वंशावळ अशी: गाठींमुळे द्विदलांना हवेतला नत्र मिळतो हे दाखवणारा हेलरीगल, गाठींतला जिवाणू वेगळा काढणारा बायरिंक, मग १८९६ चे विकाऊ जिवाणू-खत 'निट्राजिन'.

राब जिवाणू मारतो, जिवाणू-खताचे पाकीट ते घालते, मग नाते कसले, असे कोणी विचारील. पण बॅसिलस जातीचे जिवाणू बीजाणू करून आच सोसतात, आणि पिकाला ताण सोसायला मदत म्हणून आज विकले जाणारे बरेचसे जिवाणू त्याच कुळातले. राबाने नकळत हीच निवड केली असावी.

ताण सोसायला जिवाणू कशी मदत करतात, याचा उलगडा उशिरा झाला. पाणी तुटले की झाडात इथिलीन वाढते आणि मुळे खुंटतात. इथिलीन ज्या द्रव्यापासून बनते, तेच काही जिवाणू फोडून खातात. ते फोडणारे विकर जपानमध्ये होन्मा आणि शिमोमुरा यांनी १९७८ मध्ये दाखवले.

आता पाकीट वापरायचे कसे, ते. भातानंतर उरल्या ओलीवर वाल-हरभरा घेणाऱ्यांनी १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम गुळाच्या पाण्यात कालवून सावलीत चोळावे. बुरशीनाशक लावायचे असेल तर आधी, आणि पाकिटावरची मुदत वाचूनच.